‘कणांचा आकार’ की ‘दाण्यांचं आकारमान’?

प्रश्न : तांब्याच्या मिश्रधातूंवरचं एक प्रकरण मराठीत आणतोय. ‘ग्रेन साइज’ला ‘कणांचा आकार’ लिहिलंय. वाक्य असं : ‘कणांचा आकार लहान केला की मिश्रधातू बळकट होतो.’ चालेल का?

प्रतिसाद : नाही चालणार, आणि दोन्ही शब्दांमुळे. आधी ‘आकार’. मराठीत तो घडणीलाही म्हणतात आणि लहानमोठेपणालाही. एरवी भागतं, पण पितळेचा पत्रा लाटला की ग्रेन, म्हणजे धातू ज्यांचा बनतो ते बारीक स्फटिक, लांबट होतात, म्हणजे त्यांचा आकार बदलतो; नंतर तापवल्यावर नवे ग्रेन तयार होऊन वाढतात, तेव्हा बदलतं ते आकारमान. एकच शब्द दोन्हीकडे वापरला तर वाचणाऱ्याने ओळखायचं कसं?

‘कण’ तर जास्तच घोटाळा करतो. तांब्यात थोडं क्रोमियम घालून योग्य उष्णता दिली की क्रोमियमचे अतिसूक्ष्म कण आतल्या आत साठतात. ते खरेखुरे कण : वेगळ्या पदार्थाचे, ग्रेनच्या पोटात विखुरलेले. तेही धातू बळकट करतात, पण त्यांची रीत वेगळी. तुमचं वाक्य वाचून मला प्रथम तेच आठवले. म्हणून ग्रेनला ‘दाणा’ म्हणा आणि ‘कण’ हा शब्द या साक्यासाठी, म्हणजे आत साठलेल्या वेगळ्या पदार्थासाठी, राखून ठेवा.

दाणा म्हटलं की सुटा, मोकळा असं वाटतं, ही हरकत मला मान्य आहे. धातूतले दाणे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. वर्षानुवर्षं हात लागलेली ओतीव पितळेची मूठ उजेडात तिरपी धरून बघा. घामाने पृष्ठभाग कोरला जाऊन कोनाकोनांचे तुकडे उमटलेले दिसतात, एक उजळ, शेजारचा काळपट. प्रत्येक तुकडा हा एक दाणा. आतल्या अणूंच्या रांगांची दिशा दर दाण्यात निराळी, म्हणून चकाकीही निराळी.

दिशा बदलते तिथे दाणासीमा. बळकटीचं मर्म तिथे आहे. धातू वाकतो तेव्हा रांगांमधले दोष दाण्यातून पुढे जातात आणि सीमेपाशी अडून एकामागे एक साचतात. दाणे लहान, तर अडथळे जवळजवळ. हॉल (१९५१) आणि पेच (१९५३) या धातुशास्त्रज्ञांनी सौम्य पोलादावरून नियम मांडला : बळकटीतली ही वाढ दाण्याच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. शुद्ध तांब्यात, ढोबळमानाने, १०० मायक्रोमीटरच्या दाण्यांमुळे सुमारे ११ मेगापास्कल (ताणाचं एकक) जास्तीचे मिळतात, २५ च्या दाण्यांमुळे २२, आणि १ च्या दाण्यांमुळे ११०. ७०:३० पितळेत (७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त) हा परिणाम आणखी मोठा.

‘बळकट’ मात्र इथे मोघम आहे. ‘कायमचं वाकायला जास्त ताण लागतो’ असं सरळ लिहा.

प्रश्न : आणि ‘डिफॉर्मेशन’ला ‘विकृती’? बारीक दाण्यांनी धातू ठिसूळ होतो, असंही लिहू का?

प्रतिसाद : ‘विकृती’ स्ट्रेनसाठी (मूळ मापाच्या प्रमाणात झालेल्या बदलासाठी) रुळलाय, तो तिथेच राहू द्या, डिफॉर्मेशनला ‘विरूपण’. ‘ठिसूळ’ तर नकोच. तुटायच्या आधी एकसारखं ताणलं जाणं कमी होतं, इतकंच.

‘घसरणं’ आणि ‘सरकणं’ही वेगळे ठेवा. दाण्याच्या आत रांगा एकमेकींवरून जातात ते घसरणं. दाणेच सीमेवर एकमेकांलगत हलतात ते सरकणं. दाणे १०-२० नॅनोमीटरच्या खाली गेले की असं सरकणं वाढतं आणि वरचा नियम उलटू लागतो.

जाड दाण्यांचा पत्रा साच्यात ओढला की प्रत्येक दाणा आपापल्या दिशेने विरूप होतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. त्या परिच्छेदात ‘कण’ लिहिलंत तर वाचणारा पत्र्यावर चिकटलेला कचरा शोधत बसेल.