रुबीत मेथड नुसती हातात घ्यायला एवढा खटाटोप का?

अर्धविराम: काल इथे एकाने रुबी आणि पायथन या दोन प्रोग्रॅमिंग भाषांची तुलना करत लिहिलं, 'रुबीत मेथड ऑब्जेक्ट आहे हे फक्त म्हणायला, पायथनमध्ये नाव लिहिलं की मेथड हातात.' वाचून गप्प बसवेना. रुबीत कंस नसला तरी नाव लिहिताच मेथड, म्हणजे ऑब्जेक्टचं फंक्शन, चालते. न चालवता हवी तर 'मेथड' नावाच्याच फंक्शनला तिच्या नावाचा सिंबॉल (:नाव असं लिहिलेलं लेबल) द्यायचा. बदल्यात, आज साधा ॲट्रिब्यूट (ऑब्जेक्टमध्ये साठवलेली व्हॅल्यू) आहे तिथे उद्या हिशेब करणारी मेथड आणली तरी वापरणाऱ्याचा कोड तसाच राहतो.

रिकामा_कंस: तो एक म्हणजे मीच. त्यासाठी पायथनमध्ये प्रॉपर्टी आहे, ॲट्रिब्यूटसारखी दिसणारी मेथड. आणि तुमच्याकडे कोडचा तुकडा हातात धरायला ब्लॉक, प्रॉक, लॅम्डा, मेथड... प्रॉकमधला रिटर्न बाहेरच्या मेथडलाच संपवतो! आमच्या टीममध्ये एकाने असा प्रॉक साठवून नंतर बोलावला. बाहेरची मेथड आधीच संपलेली, म्हणून लोकलजंपएरर. अख्खी दुपार गेली.

अर्धविराम: लॅम्डातला रिटर्न फक्त लॅम्डाच संपवतो. तो हवा तिथे प्रॉक लिहिलात, भाषेने काय करायचं?

शेवटचा_आय: पायथनची आरती चाललीच आहे तर सांगा, लूपमध्ये तीन लॅम्डा (बिननावाची फंक्शन) बनवले की तिन्ही शेवटचीच व्हॅल्यू का देतात? क्लोजर (बाहेरचं व्हेरिएबल वापरणारं फंक्शन) व्हेरिएबल धरतं, व्हॅल्यू नाही, हे ठाऊक आहे. पण मग त्या फेरीतली व्हॅल्यू पकडायला 'आय=आय' असं डीफॉल्ट आर्ग्युमेंट लिहीत बसायचं?

रिकामा_कंस: मूळ मुद्दा राहिला बाजूला. रुबीचा फॉरही तेच करतो.

शेवटचा_आय: रुबीत फॉर लिहितं कोण? ईच या फेऱ्या मारणाऱ्या मेथडच्या ब्लॉकला दर फेरीत नवं व्हेरिएबल मिळतं. जावास्क्रिप्टने २०१५ मध्ये असंच करणारा लेट आणला, गो भाषेनेसुद्धा २०२४ मध्ये १.२२ आवृत्तीत लूप सुधारला. तुम्ही बसा.

रिकामा_कंस: पायथनमध्ये लूपला वेगळा स्कोप (व्हेरिएबल दिसण्याची हद्द) नाही. लूप संपल्यावरही आय वापरणारा ढीगभर कोड आहे, तो तुम्ही येऊन दुरुस्त करणार का? व्हॅल्यू आधीच भरून ठेवणारं पार्शल वापरा आणि गप्प बसा.

धिस_हरवला: भांडा, सुखी आहात. जावास्क्रिप्टमध्ये मेथड वेगळी काढली की धिस, म्हणजे ती ज्या ऑब्जेक्टची तो ऑब्जेक्ट, गळतो. म्हणून बाइंडने धिस जोडून लिसनर (क्लिकसारख्या घटनेवर चालणारं फंक्शन) लावला, काढतानाही पुन्हा बाइंड केलं. बाइंड दर वेळी नवं फंक्शन देतं, काढायला मात्र लावलेलंच लागतं, लिसनर जागचा हलेना!

अर्धविराम: पायथनही दर वेळी नवीच बाउंड मेथड (ऑब्जेक्टला जोडलेली) देतं. 'इज'ने, म्हणजे दोन्ही एकच ऑब्जेक्ट आहे का हे, तपासा.

रिकामा_कंस: दुहेरी बरोबरने तपासा, ट्रू येतं. बरं, ईच तुमचा चांगला, घ्या, खूश? पण रुबीत डेफने लिहिलेल्या मेथडच्या आत बाहेरचं लोकल व्हेरिएबल दिसतसुद्धा नाही, आणि क्लोजरवर प्रवचन!

अर्धविराम: हवं असेल तर डिफाइन_मेथडला ब्लॉक द्या, दिसतं. तुम्हाला पायथनमध्ये आतल्या फंक्शनमधून दिसतं, पण नॉनलोकल लिहिल्याशिवाय त्यात नवी व्हॅल्यू टाकून दाखवा.