मदत हवी आहे: आईची नळी सारखी तुंबते

पक्षाघातानंतर आईला गिळता येत नाही, नाकातून पोटात अन्न द्यायची नळी (रायल्स ट्यूब) आहे. आम्ही लालबागला चाळीत राहतो. घरी सोडताना सिस्टरांनी शिकवलं तसंच करते: उशा रचून डोकं ३०-४५ अंश वर, आधी सिरिंजने पोटातलं ओढून बघायचं, एका वेळी २०० मिली पातळ अन्न, मग ३० मिली पाणी, नंतर अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. तरी नाचणीचं सत्त्व दिलं की नळी तुंबतेच, चहाच्या गाळणीतून दोनदा गाळूनही. की गोळ्यांची भुकटी अडकते? त्यात वजन उतरलंय, बांगड्या हातातून निसटतात. प्रोटीनसाठी पातळ असं काय देता? परळ-लालबागकडे घरी येऊन नळी बदलणारी अनुभवी सिस्टर कुणाच्या ओळखीची आहे का? दिवसाच्या मावशी नळीला हात लावायला घाबरतात. खरं सांगायचं तर मीही.