मोतीबिंदूचं ऑपरेशन (सोलापूर): लेन्स कोणती घ्यावी? आईला नंतर विड्या वळता येतील का?

पूर्वभागची लेक

नमस्कार. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघालाय, उजव्यात जास्त. वय ६६. शुगर आहे, तिच्या गोळ्या चालू आहेत, शिवाय रक्त पातळ करायची एक गोळी. ती कुंभारीच्या विडी घरकुलात भाऊ-वहिनीजवळ असते, मी पुण्यात. त्यामुळे निम्म्या गोष्टी मला फोनवर कळतात आणि उरलेल्या ती लपवते.

लांबचं तिला आता फारच कमी दिसतं. गेल्या संक्रांतीला गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) जत्रेत पाळण्यांच्या दिव्यांभोवती मोठमोठी कडी दिसत होती म्हणे. सख्खी नणंद समोर येऊन उभी राहिली तरी बोलेपर्यंत ओळखली नाही. पण जवळचं उत्तम! चाळिशीपासूनचा चष्मा दोनेक वर्षांपूर्वी आपोआप सुटला, सुईत दोरा स्वतः ओवते. "माझे डोळे उलट सुधारलेत, तुम्हालाच ऑपरेशनची हौस," असं तिचं म्हणणं. आधी दिवाळीनंतर करू म्हणाली, आता गड्डा झाल्यावर म्हणते.

एका खाजगी दवाखान्यात दाखवलं. तिथे काउंटरवरच्या मुलीने तीन पॅकेजं सांगितली, पंचवीस हजारांपासून पंच्याऐंशी हजारांपर्यंत. लेन्सबद्दल डॉक्टरांशी बोलणंच झालं नाही. महाग ती चांगली, एवढाच बोध झाला. सिव्हिलमध्ये फुकट होतं म्हणतात, तिथे करावं का?

आणि खरी काळजी वेगळीच आहे. आईने जन्मभर विड्या वळल्यात. सूप मांडीवर घेतलं की तिचा दिवस सुरू होतो. पान कातरायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचं, सगळं नजरेखाली. ऑपरेशननंतर हे जमेल का? किती दिवस बंद ठेवावं लागेल? घरभर तंबाखूची धूळ असते. नळाला पाणी रोज येत नाही, आलं की घागरी भरायचं काम तिचंच. घरी आम्ही तेलुगू बोलतो; मराठी तिला येतं, पण घाबरली की सुचत नाही. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी नीट सांगा.

कडकभाकरी

ताई, आमच्या अण्णांचे दोन्ही डोळे झाले. ऑपरेशन वीसेक मिनिटांचं, त्याआधीची बाकड्यावरची बसणूक मात्र तासन्‌तास. दर थोड्या वेळाने बाहुली मोठी करायचे थेंब टाकत राहतात. दुपारी घरी आले आणि शेंगाचटणी मागितली.

पट्टी काढल्यावर अण्णांना सगळं निळसर दिसत होतं. पिवळ्या पडलेल्या लेन्समधून इतकी वर्षं बघत होते ना, म्हणून पांढरं एकदम पांढरंशुभ्र दिसायला लागतं. होईल सवय. आमच्याकडे पहिला परिणाम असा झाला की अण्णांना छताची जळमटं दिसली आणि आमच्या हिचा आठवडा झाडण्यात गेला. तुमच्या वहिनीला आधीच सावध करून ठेवा.

थोडं खुपणं, पाणी येणं, उजेड सहन न होणं हे चालायचंच. डोळ्यात बारीक खडा असल्यासारखं वाटतं. चोळायचं नाही, एवढंच.

सातरस्ता

मल्टिफोकलच घ्या. जवळचं, लांबचं दोन्ही, चष्म्याची कटकटच नको. आईसाठी पैसे वाचवू नका. आणि इंपोर्टेड घ्या.

निवृत्त सिस्टर

बरीच वर्षं डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काढलीत, म्हणून लिहिते. लांब होईल.

ताई, जवळचं चांगलं दिसतं हे तुम्ही लिहिलंत तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि डॉक्टरांपर्यंत नेमकं तेच पोचलेलं नसणार. आईंचे डोळे सुधारलेले नाहीत. मोतीबिंदू लेन्सच्या गाभ्यात घट्ट होत गेला की डोळ्याला उणे नंबर चढतो. लांबचं धूसर होतं, पण जवळचं बिनचष्म्याचं दिसायला लागतं. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांना वाटतं की तरुणपणची नजर परत आली. ते काही काळच टिकतं. मोतीबिंदू वाढला की जवळचंही जातं.

आता साधी, म्हणजे मोनोफोकल लेन्स एकाच अंतरावर स्वच्छ दाखवते. ते अंतर कोणतं, हे ऑपरेशनच्या आधी ठरतं. बायोमेट्री नावाची तपासणी होते, डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा बाक मोजतात, त्यावरून लेन्सचा नंबर काढतात. कुणी काही बोललं नाही तर तो लांबच्या नजरेसाठी काढतात. बहुतेकांना तेच हवं असतं, रस्ता दिसतो, टीव्ही दिसतो, जवळच्यासाठी चष्मा. पण तुमच्या आईंना उद्यापासून लांबचं लख्ख आणि हातातलं पान धूसर असं झालं, तर त्या म्हणतील, ऑपरेशन बिघडलं. आणि कागदावर ते शंभर टक्के यशस्वी असेल!

म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगा: ही बाई रोज सुपावर विड्या वळते. मग ते ठरवतील. दोन वाटा आहेत. लांबची लेन्स बसवून कामाला जवळचा चष्मा, किंवा लेन्सच जवळच्या अंतरासाठी बसवून बाहेर जाताना लांबचा चष्मा. उणे अडीचच्या आसपास नंबर शिल्लक ठेवला की साधारण ४० सेंटिमीटरवर स्वच्छ दिसतं. काही डॉक्टर एक डोळा लांबचा, एक थोडा जवळचा असंही करतात, पण सगळ्यांनाच ते मानवत नाही. तुम्ही एक काम करा. आईंना नेहमीसारखं सूप घेऊन बसवा आणि डोळ्यापासून हातातल्या पानापर्यंत टेप धरा. तो आकडा चिठ्ठीवर लिहून न्या.

सातरस्ता, मल्टिफोकल वाईट नाही, पण उजेड वाटला जातो. रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात, मंद उजेडात फिकं वाटतं. शुगरमुळे डोळ्याच्या आतल्या पडद्याला (रेटिनाला) इजा झालेली असेल तर बहुतेक डॉक्टर ती टाळायला सांगतात. इंपोर्टेडचं तर सोडूनच द्या. मदुराईचं ऑरोलॅब १९९२ पासून लेन्स बनवतंय आणि त्या परदेशातही जातात. लेन्स कुठल्या देशाची यापेक्षा तिचा नंबर बरोबर निघाला का, हे जास्त महत्त्वाचं.

फेको की साधं, हा प्रश्न पुढे येईलच. फेकोमध्ये तीन मिलिमीटरहून लहान छेद घेतात, ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेतात आणि घडीची लेन्स आत उलगडतात. दुसऱ्या पद्धतीत छेद साधारण सहा मिलिमीटरचा, पण तोही तिरका आणि आपोआप मिटणारा, बहुधा टाका लागत नाही. मोतीबिंदू फार कडक झाला असेल तर हीच पद्धत सुरक्षित ठरते. नजर दोन्हींनी छान येते, दुसऱ्या पद्धतीत स्थिरावायला थोडा जास्त वेळ लागतो. सिव्हिलमध्ये, म्हणजे वैशंपायन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, जायला काहीच हरकत नाही. सरकारचा अंधत्व नियंत्रणाचा कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, त्यात लेन्ससकट ऑपरेशन होतं. रांग असते, एवढीच तयारी ठेवा. आणि जवळच्या कामाचं तिथेही सांगाच.

पिकू द्यायचं, थंडीतच करायचं, ही जुन्या काळची गोष्ट. तेव्हा छेद मोठा होता, टाके असायचे, आठवडाभर उताणं पडून राहावं लागायचं. आता सोलापूरच्या मे महिन्यातही करतात. उलट जास्त पिकला की फोडायला कठीण, आणि कधीकधी डोळ्यातला दाबही वाढतो.

पूर्वभागची लेक

सिस्टर, कुणी इतकं सांगितलंच नव्हतं. भावाला लगेच टेप धरायला लावली. आईला वाटलं ब्लाउजचं माप घेतोय. १५ इंच भरलं.

शुगरचं काय? उपाशीपोटी २१० आहे. रक्त पातळ करायची गोळी बंद करायची का, शेजारच्या मावशी तसं सांगतायत. आणि पाणी, धूळ?

निवृत्त सिस्टर

१५ इंच म्हणजे ३८ सेंटिमीटर. चांगलं आहे, हाच आकडा द्या.

गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. फेको बहुतेक वेळा ती चालू ठेवूनच होतं, पण कोणती गोळी ते डॉक्टरांना पाकीट दाखवून विचारा. (धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: घरातल्या पुरुषाला प्रोस्टेटची टॅमसुलोसिन चालू असेल, किंवा पूर्वी कधी घेतली असेल, तर तेही आवर्जून सांगा. त्या गोळीने बाहुली ऑपरेशनमध्ये नीट मोठी राहत नाही. सर्जनला आधी माहीत असलं की तो तयारीने उतरतो.)

२१० जास्त आहे. आधी शुगरच्या डॉक्टरांकडे न्या, तीन महिन्यांची सरासरीही बघून घ्या. शुगर वाढलेली असताना जंतुसंसर्गाची भीती जास्त आणि पडद्याला सूज येण्याचीही. बाहुली मोठी करून पडदा तपासायला सांगा, मोतीबिंदूमुळे आतलं दिसत नसेल तर डोळ्याची सोनोग्राफी करतात. पडदाच खराब असेल तर लेन्स कितीही भारी घातली तरी नजर तेवढीच येणार. हे आधी कळलेलं बरं.

टेबलावर भूल थेंबांची किंवा डोळ्याच्या बाजूला इंजेक्शनची. माणूस जागा असतो. तोंडावर कापड, डोळा चिमट्याने उघडा धरलेला, त्यामुळे पापणी मिटेल ही भीती नको. प्रखर उजेड, रंग हलताना दिसतात, मशीन आवाज करतं, कानामागे गार पाणी ओघळतं. दुखत नाही, दाब जाणवतो. खोकला आला तर आधी सांगायचं, एकदम हलायचं नाही. फक्त थेंबांची भूल असेल तर डॉक्टर "दिव्याकडे बघा, खाली बघा" सांगत राहतात. आपल्याकडे स्टाफमध्ये तेलुगू येणारं कुणी ना कुणी असतंच. आधी सांगून ठेवा, "पैकी चूडंडी" (वर बघा) कानावर पडलं की आई निम्म्या शांत होतील.

नंतरचं. अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडचे थेंब चार ते सहा आठवडे, हळूहळू कमी करत. दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं. बाटलीचं टोक पापणीला लावू नका. मुदत संपली की बंद. बरं वाटतंय म्हणून तेच पुढे चालू ठेवलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. मध, गुलाबपाणी, आणि कुणीतरी हमखास सुचवतं ते बाळंतिणीचं दूध, यातलं काहीही डोळ्यात जाता कामा नये. रात्री प्लास्टिकची ढाल चिकटवून झोपायचं, त्या डोळ्याच्या कुशीवर नाही. गळ्याखालून अंघोळ करा, तोंड ओल्या फडक्याने पुसा, केस डॉक्टर हो म्हणाले की मागे मान टाकून दुसऱ्याने धुवायचे. घागरी पहिले काही आठवडे वहिनीच्या. चुलीचा धूरही नको.

तंबाखूचं मात्र मी कडक सांगेन. महिनाभर सूप हातात नको, आणि त्यांच्या खोलीतही कुणी वळत बसायला नको. हात धुतले तरी नखात जर्दा राहतो आणि तोच हात डोळ्याला जातो.

कडकभाकरी

महिनाभर माल दिला नाही तर कारखानदार पान-तंबाखू बंद करेल, ही आईंना भीती असणार. आमच्या गल्लीत सून सासूच्या नावावर वळून देते. वहिनीला जमेल का बघा.

पूर्वभागची लेक

हो, तीच भीती होती, स्वतः बोलली नाही. वहिनी वळते, पण आईच्या मते तिच्या विड्या "सैल". तो वाद घरात चालू द्या. काल आईनेच विचारलं, डोळा जाणार तर नाही ना? मी काय सांगू?

निवृत्त सिस्टर

खरं तेच सांगा. बहुतेकांचं चांगलं होतं. आत जंतुसंसर्ग होणं हा सगळ्यात वाईट धोका, तो हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी, आणि वेळेत पोचलं तर उपचार आहेत. म्हणून हे पाठ करून ठेवा: दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, लाली वाढली, पू आला, आलेली नजर पुन्हा कमी झाली, विजा चमकल्यासारख्या दिसल्या किंवा बाजूने काळा पडदा सरकला, तर त्याच दिवशी दवाखाना. रात्र असली तरी. "सकाळपर्यंत बघू" नको. आई लपवतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून भावाने रोज संध्याकाळी स्वतः डोळ्यात बघायचं आणि दुसरा डोळा झाकून विचारायचं, कॅलेंडरवरचा आकडा वाच.

महिन्याभराने चष्म्याचा नंबर काढतील, त्याआधी चष्मा करू नका, बदलतो. पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर झालं तर मोतीबिंदू परत आला असं नाही. लेन्समागची पातळ पिशवी गढूळ होते, लेसरने काही मिनिटांत साफ करतात, कापाकापी नाही.

सातरस्ता

मल्टिफोकलबद्दल मी आता गप्प बसतो. सिस्टर, आमच्या वडिलांना ती प्रोस्टेटची गोळी चालू आहे. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. बंद करू का?

निवृत्त सिस्टर

नाही. बंद करून फारसा फायदा होत नाही, वर लघवी अडायची. फक्त सांगा, आणि केसपेपरवर लिहून घेतलंय का ते डोळ्यांनी बघा.

पूर्वभागची लेक

सोमवारी शुगरच्या डॉक्टरांकडे, मग सिव्हिल. चिठ्ठीवर लिहिलंय: "विडी काम, ३८ सेंमी, रोज." शेवटचं एक, दुसरा डोळा लगेच करायचा का? आणि गड्ड्याला जाता येईल?

निवृत्त सिस्टर

दुसरा बहुधा काही आठवड्यांनी. पहिल्याचा नंबर काय आला ते बघून दुसऱ्याची लेन्स ठरवता येते, तुमच्या बाबतीत तर तेच बरं. मधल्या काळात दोन डोळ्यांचा मेळ बसत नाही, जिना उतरताना हात धरा.

गड्डा ऑपरेशनला महिना झाल्यावर आला तर खुशाल. आधी आला तर काळा चष्मा लावून अक्षता सोहळा लांबून बघायचा. होम मैदानाच्या धुळीत आणि पाळण्यात नाही.