पासवर्डविरहित, बिनपासवर्डचे की किल्लीने लॉगिन?

प्रश्न

आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची आणि सभासदांची खाती रोज रात्री दोन वाजता दुसऱ्या इमारतीतल्या संगणकावर आपोआप उतरवली जातात. क्रॉन (ठरल्या वेळी कामे सुरू करणारा प्रोग्राम) आरसिंक (फाइलींची प्रत नेणारा प्रोग्राम) चालवतो, आरसिंक एसएसएचने (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या सोयीने) आत जातो आणि पासवर्ड टाकायला कोणी बसावे लागत नाही; त्याऐवजी किल्ली म्हणवणाऱ्या फाइलींच्या जोडीने ओळख पटते. पुढच्या कर्मचाऱ्यांसाठी याचे मराठीत टिपण करतो आहे. मी 'पासवर्डविरहित प्रवेश' असे लिहिले. सहकारी म्हणतात 'बिनपासवर्डचे लॉगिन' सोपे. 'पब्लिक की' म्हणजे सार्वजनिक किल्ली आणि 'प्रायव्हेट की' म्हणजे खासगी किल्ली, हे चालेल ना?

उत्तर

सोपेपणात 'बिनपासवर्डचे' सरस आहे, पण दोन्ही शब्द टाळावेत असे मला वाटते. बिनशर्त पाठिंबा म्हणजे अट उरली नाही, बिनव्याजी कर्ज म्हणजे व्याज उरले नाही. 'बिनपासवर्डचे' वाचणाऱ्याला म्हणूनच तपासणीच उरली नाही असे वाटते. इथे तपासणी आहे, आणि ती पासवर्डपेक्षा कडक आहे.

खऱ्या अर्थाने बिनपासवर्डचे म्हणावे असे लॉगिन पूर्वी होते. आरलॉगिन आणि आरएसएच या जुन्या युनिक्स सोयींत भरवशाच्या संगणकांची नावे एका फाइलीत लिहीत, आणि त्या यादीतल्या संगणकाकडून कोणी आले की आत घेत. पासवर्ड मागितलाच तर तो जाळ्यावरून उघडा जाई. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात असे पासवर्ड मधल्यामध्ये टिपले गेले आणि त्यानंतर 1995 मध्ये तिथल्याच तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिले. त्या जुन्या प्रकाराचे वर्णन करणारा शब्द या नव्या व्यवस्थेला लावू नये.

'किल्लीने लॉगिन' म्हणा. कशाने आत जायचे ते त्यात सांगितले आहे. कशाशिवाय, ते सांगायची गरज राहत नाही.

आणखी एक मत

'बिनतारी' शब्दाचे काय? तार नव्हती, पण संदेश पोहोचतच होता. मराठी माणसाला 'बिन' लागलेला शब्द लगेच कळतो. 'पासवर्डमुक्त' मात्र नको. कर्जमुक्त, दुष्काळमुक्त या शब्दांत नकोसे काहीतरी गेल्याचा आनंद असतो.

उत्तर

'बिनतारी'चा दाखला योग्य आहे. फरक असा की तार नसल्याने कोणाचे वागणे सैल झाले नाही. 'बिनपासवर्डचे' ऐकून मात्र किल्लीची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन फिरतात, ईमेलने पाठवतात. रात्रीच्या कामासाठी किल्ली बहुधा पासफ्रेज (किल्लीच्या फाइलीलाच लावायचा पासवर्ड) न लावता केलेली असते, कारण तो टाकायला त्या वेळी कोणी नसते. अशी फाइल ज्याच्या हाती लागेल त्याला थेट आत जाता येते.

आता किल्ल्यांच्या नावांकडे. 'सार्वजनिक' म्हणजे सगळ्यांनी वापरायचे: सार्वजनिक विहीर, सार्वजनिक वाचनालय. सार्वजनिक किल्ली म्हटले की कोणीही तिने दार उघडावे असा अर्थ निघतो. ती फक्त सगळ्यांना दिसली तरी चालणारी असते, आणि त्यासाठी 'जाहीर' हा शब्द तयार आहे: जाहीर सभा, जाहीर नोटीस. 'खासगी' शब्द मालकी सांगतो, जसे खासगी शाळा, खासगी बस. लपवून ठेवा, असे तो सांगत नाही. म्हणून जाहीर किल्ली आणि गुप्त किल्ली.

खरे तर 'किल्ली'ही पूर्ण जुळत नाही, कारण गुप्त किल्ली कुठल्या कुलपात घातली जात नाही. ती आपला संगणक सोडतच नाही. त्या वेळच्या जोडणीची खूण असलेल्या मजकुरावर ती सही करते, आणि समोरचा संगणक जाहीर किल्लीने ती सही पडताळतो. शिक्का हा शब्द यापेक्षा जवळ जातो. मराठेशाहीच्या पत्रात शेवटी मोर्तब (समाप्तीचा शिक्का) उमटले की मजकूर तिथे संपला, खाली कोणी भर घालायची नाही. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते', म्हणजे ही मर्यादा शोभते, हेच शब्द आहेत. एसएसएचमधली सहीसुद्धा त्या एका जोडणीपुरतीच असते, चोरून दुसऱ्या वेळी वापरता येत नाही. डिजिटल स्वाक्षरी असलेल्या सातबाऱ्यामागेही जाहीर आणि गुप्त किल्लीचेच तत्त्व आहे. तरीही 'किल्ली' इतकी रुळली आहे की ती बदलू नये.

प्रश्नकर्ता

पटले. टिपणातली वाक्ये अशी केली आहेत: 'रात्री दोन वाजता बॅकअपचा संगणक आपल्या गुप्त किल्लीने वाचनालयाच्या संगणकात लॉगिन करतो. या किल्लीला ग्रंथसूची आणि खात्यांचे फोल्डर फक्त वाचता येतात. गुप्त किल्ली कोणालाही देऊ नये. जाहीर किल्ली दिली तरी चालते.' बॅकअपला 'राखीव प्रत' करू का?

उत्तर

'बॅकअप'च ठेवा, सगळे तेच म्हणतात. बॅकअपचा संगणक येऊन प्रत ओढून नेतो, ही तुमची दिशा चांगली आहे. वाचनालयाचा संगणक बिघडला किंवा व्हायरसने धरला, तरी जुन्या प्रतींपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. 'फक्त वाचता येतात' हे मात्र टिपणात लिहून होत नाही. वाचनालयाच्या संगणकावर ऑथोराइज्ड-कीज फाइलीत (प्रवेश द्यायच्या जाहीर किल्ल्यांच्या यादीत) जाहीर किल्लीच्या ओळीआधी 'रिस्ट्रिक्ट' (बाकीच्या सवलती बंद करणारा शब्द) आणि त्या किल्लीने चालवता येणारी एकच ठरलेली आज्ञा लिहावी लागते. आरसिंकसोबत मिळणारी आरआरसिंक ही छोटी स्क्रिप्ट त्यासाठीच आहे.

दोन वाक्ये आणखी घाला. एक, किल्ल्यांचे फोल्डर फक्त मालकाला उघडता येईल असे ठेवा, म्हणजे सातशेची परवानगी आणि गुप्त फाइलीला सहाशेची. वाचनालयाच्या बाजूला ऑथोराइज्ड-कीज दुसऱ्या कोणाला बदलता येण्याजोगी असली तर सर्व्हर ती नाकारून पासवर्ड मागतो, आणि रात्री तो द्यायला कोणी नसल्याने बॅकअप होत नाही. आज्ञेत 'बॅचमोड' (एसएसएचने पासवर्ड विचारूच नये अशी सूचना) चालू ठेवलात तर ती वाट न बघता लगेच थांबते आणि सकाळी नोंदीत कारण दिसते.

दोन, 'होस्ट की' या तिसऱ्या किल्लीचाही उल्लेख करा. तिला 'यजमान किल्ली' म्हणू नका, यजमान म्हटले की पूजा डोळ्यांपुढे येते. ती समोरच्या संगणकाची ओळख पटवते, म्हणून 'संगणकाची ओळख-किल्ली' लिहा. पहिल्या जोडणीच्या वेळी एसएसएच तिचा ठसा (किल्ली ओळखण्याची छोटी अक्षर-खूण) दाखवून होय की नाही विचारते. तो ठसा वाचनालयाच्या संगणकावर जाऊन ताडून बघा, आणि ज्या वापरकर्त्याच्या नावाने क्रॉन चालतो त्याच्याच खात्यातून एकदा हाताने होय म्हणा.