ओळखीचे वाटले आणि फसलो : आफ्रिकेत इंटर्न असतानाच्या फजित्या

आफ्रिकेत इंटर्नशिपला निघालेल्या मराठी मुलामुलींच्या घरी आधी सिंहांची चौकशी होते, मग मलेरियाची आणि शेवटी जेवणाची. सिंहाने आमच्यापैकी कोणाची फजिती केल्याचे ऐकिवात नाही. ती केली घड्याळाने, ताटाने आणि नात्यांच्या शब्दांनी. जिथे सगळेच अनोळखी असते तिथे माणूस जपून पाऊल टाकतो. जरा कुठे घरच्यासारखे वाटले की बेसावध होतो आणि आपटतो. अशा आपटण्याचे किस्से तुम्ही सांगावेत, एवढ्यासाठी हे आमंत्रण. सफारीची वर्णने कृपया नकोत. सुरुवात माझ्यापासून करतो. त्यापुढे, शहरांच्या नावांखाली, इतरांनी आपापल्या शब्दांत सांगितलेले किस्से आहेत.

टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये पाणीपुरवठ्याच्या एका प्रकल्पावर मी चार महिने होतो. स्वाहिलीतले एक ते दहा आकडे मी विमानातच पाठ केले होते आणि त्याचा मला बराच अभिमान होता. खोलीतला नळ गळू लागला तेव्हा घरमालकीणबाईंनी सांगितले की फुंडी, म्हणजे कारागीर, उद्या 'सा टाटू' वाजता येईल. टाटू म्हणजे तीन, हे मला येत होते. दुसऱ्या दिवशी साहेबांची परवानगी काढून, दालादालात, म्हणजे तिथल्या मिनीबसमध्ये, उभ्याने प्रवास करून, घामाघूम अवस्थेत मी बरोबर तीनला घरी पोहोचलो, तर फुंडी सकाळी नऊ वाजता येऊन, बंद दाराशी बराच वेळ बसून निघून गेला होता. स्वाहिली बोलणारे लोक तास मोजतात ते सकाळी सहापासून. विषुववृत्ताच्या आसपास सूर्य वर्षभर साधारण त्याच सुमारास उगवतो, त्यामुळे आपले सात वाजले की त्यांचा एक वाजतो आणि आपल्या नऊला तीन. ज्याच्या घरी पंचांगातला वारसुद्धा सूर्योदयापासून धरतात, त्याला हे कळायला हवे होते. कळले, पण जरा जास्तच कळले. त्यानंतर कानावर येईल तो आकडा मी सहा तासांनी सरकवू लागलो आणि साहेबांनी चक्क इंग्रजीत सांगितलेल्या नऊच्या बैठकीला दुपारी तीन वाजता, वही-पेन घेऊन, हसतमुखाने हजर झालो. इंग्रजीत बोलताना हीच मंडळी आपल्यासारखेच घड्याळ वापरतात, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. खुर्च्या आवरणारा शिपाई मला 'पोले' म्हणाला. तो सहानुभूतीचा शब्द आहे. मला मात्र तो 'पोळले' असा ऐकू आला आणि तेही काही चूक नव्हते.

मोम्बासा, केनिया

बंदरातून माल सोडवून देणाऱ्या एका कचेरीत मी इंटर्न होतो. फाटकावरचा रखवालदार सहा फुटी, भरदार आवाजाचा आणि भरघोस मिशांचा होता. मी कोल्हापूरचा, आमच्याकडे अशा माणसाला 'दादा' म्हणण्यावाचून दुसरी सोयच नसते. माझी हाक ऐकली की तो क्षणभर थबकायचा, मग मान हलवून फाटक उघडायचा आणि उलट मला 'काका' म्हणायचा. मी बावीस वर्षांचा होतो, परंतु माझे केस बारावीपासूनच मागे सरकू लागले असल्यामुळे ती हाक मला रोज बोचत असे, आणि त्या दमट उकाड्यात मी टोपी घालून जाऊ लागलो. तिसऱ्या आठवड्यात कॅन्टीनमधल्या बाईंनी खुलासा केला की स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण आणि 'काका' म्हणजे भाऊ. तो सज्जन मनुष्य मला भाऊ म्हणत होता आणि मी त्या मिशाळ गृहस्थाला रोज सकाळी, भर रस्त्यावर, "ताई, फाटक उघडा" असे सांगत होतो.

पुढे घरून फोन आला की धाकट्या मामाचे लग्न ठरले. आनंदाने मी फोनवर दहा वेळा तरी 'मामा, मामा' ओरडलो असेन. फोन ठेवल्यावर रखवालदार जवळ आला, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारले, "आई बरी आहे ना?"

कंपाला, युगांडा

माझे थोडक्यात सांगतो. दुसऱ्याच दिवशी सहकारी म्हणाला, "उद्या सकाळी तुझ्यासाठी रोलेक्स आणतो." एवढी महागडी भेट मी घेऊ शकत नाही, आमच्या घरी हे चालणार नाही, असे मी हात जोडून पाच मिनिटे त्याला समजावले. सकाळी त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली चपाती हातात ठेवली. तिच्या आत कांदा-टोमॅटो घातलेले आम्लेट होते. तिकडे याच गुंडाळीला रोलेक्स म्हणतात आणि ती रस्त्याच्या कडेला, तव्यावरून थेट हातात मिळते. चपाती मैद्याची आणि तेलात न्हालेली असते, हे आईला कळवलेले नाही. त्याच आठवड्यात मी घरी जायला 'टॅक्सी' विचारली आणि चौदा आसनांच्या गाडीत अठरावा म्हणून बसलो, कारण तिथे टॅक्सी म्हणजे वडाप. आपल्या मनातल्या टॅक्सीला 'स्पेशल हायर' म्हणायचे असते.

किगाली, रवांडा

रवांडात २००८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. हे मला ठाऊक होते, आईला ठाऊक नव्हते, आणि बॅग आईने भरली होती. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि डिंकाचे लाडू असा ऐवज होता. प्रत्येक जिन्नस आधी एका पिशवीत, ती गाठ मारून दुसरीत, आणि सांडू नये म्हणून वर तिसरी. विमानतळावरच्या अधिकारी बाई अत्यंत सौजन्याने वागल्या. त्यांनी एकेक गाठ सोडवायला घेतली, पण गाठी आईने मारलेल्या असल्यामुळे वेळ लागला आणि मागे रांग वाढत गेली. पिशव्या त्यांनी ठेवून घेतल्या, जिन्नस मला परत केले. आता किलोभर भाजणी ओंजळीत घेऊन मनुष्य कुठे जाणार? भाजणी उशीच्या अभ्र्यात गेली, मेतकूट नव्या कोऱ्या पायमोज्यात गेले, लाडू टॉवेलात बांधले. गोडा मसाल्यासाठी काहीच उरले नव्हते, म्हणून तो कुर्त्याच्या बाहीत भरून दोन्ही टोकांना गाठी मारल्या, आणि त्या गाठी मी मारलेल्या असल्यामुळे वाटेतच सुटल्या. सोमवारी पहिल्या बैठकीत माझा शर्ट दगडफूल-खोबऱ्याच्या वासाने इतका घमघमत होता, की शेजारच्या सहकारी बाई मला म्हणाल्या, "तुमच्या बाजूला बसले की भूक लागते."

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी भाजी आणायला बाहेर पडलो, तर दुकाने बंद आणि रस्ते ओस. त्या सकाळी ८ ते ११ या वेळात 'उमुगांडा' असतो, म्हणजे देशभर श्रमदान. श्रमदान म्हटल्यावर मला हायसे वाटले. कॉलेजच्या शिबिरात खराटा हातात धरून फोटो काढण्याचा अनुभव माझ्या गाठीशी होता. इथे फोटो कोणी काढला नाही. गटार खणायला फावडे मिळाले आणि अकरा वाजता माझ्या तळहातांवर चार फोड होते, जे शेजारच्या आजींनी मोजून सगळ्यांना दाखवले.

अदिस अबाबा, इथिओपिया

मी नाशिकची, घरी मांसाहार नाही. पहिल्याच संध्याकाळी खानावळीतल्या यादीत 'शिरो' दिसले आणि डोळ्यांत पाणी आले. परदेशात पहिल्या दिवशी शिरा मिळणे हा शुभशकुन मानून मी मागवला. मातीच्या भांड्यात खदखदत, लसणाचा आणि तिखटाचा दरवळ सुटलेले, लालसर पिठले आले. मी साखर नसल्याची तक्रार केली आणि वाढणाऱ्या मुलाने, पाहुणीचा मान राखायचा म्हणून, खरोखर साखर आणून दिली. पिठल्यावर साखर घालून पाहिलेली मी बहुधा एकमेव नाशिककर असेन.

मुख्य प्रसंग मात्र संकष्टीचा आहे. ती शुक्रवारी आली होती. ऑफिसात सर्वांनी जेवायचा आग्रह केला तेव्हा मी म्हटले, "आज माझा उपास आहे." सगळे एकदम खूश झाले, कारण तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचा दर बुधवारी आणि शुक्रवारी उपासच असतो. त्यांच्या उपासाला मांस, दूध, तूप, अंडी चालत नाहीत. धान्ये आणि कडधान्ये चालतात. म्हणजे माझ्या उपासाला जे जे वर्ज्य, ते ते सगळे त्यांच्या उपासाच्या ताटात असते. परातीएवढ्या थाळीवर आंबोळीसारखा जाळीदार, आंबूस इंजेरा पसरला होता आणि त्यावर मसुराची तिखट आमटी, वाटाण्याची पिवळी डाळ, शिरो, कोबी आणि पालेभाजी असे ढीग मांडले होते. मी समजावून सांगण्यासाठी तोंड उघडले, तेवढ्यात आमच्या विभागप्रमुखांनी इंजेऱ्यात मसूर गुंडाळून लिंबाएवढा घास थेट माझ्या तोंडात घातला. याला 'गुरशा' म्हणतात. तो मायेचा आणि मानाचा प्रकार आहे, आणि घास जितका मोठा तितकी माया जास्त. बोलणे अशक्य होते. संकष्टी मसुरावर मोडली.

रात्री आईला सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "बटाटा तरी होता का त्यात?" कोबीच्या भाजीत होता, असे सांगितल्यावर तिचे थोडे समाधान झाले. परंतु त्या घासाचा फोटो मैत्रिणीने काढला होता आणि मी तो कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकला होता. आपल्याकडे पुरुषाने बाईला घास भरवतानाचा फोटो फक्त एकाच प्रसंगी निघतो. सकाळी सहाला आत्याचा फोन आला. मुलगा वयाने जरा मोठा दिसतो, पण शिक्षण काय आणि उखाणा घेतलास का, एवढेच तिला विचारायचे होते. विभागप्रमुख पंचावन्न वर्षांचे, तीन मुलांचे वडील होते.

शेपूट अजून आहे. इथिओपियाची कालगणना आपल्या इंग्रजी सनाच्या सात-आठ वर्षे मागे चालते आणि तिथे तेरावा महिना असतो, पाच किंवा सहा दिवसांचा. २०१९ च्या जुलैमध्ये मला मिळालेल्या प्रमाणपत्रावर त्यांच्या पद्धतीने २०११ साल होते. पुण्यातल्या मुलाखतीत साहेबांनी चष्मा पुढे ओढून शांतपणे विचारले, "सातवीत असताना आपण अदिस अबाबाला काय काम करत होतात?" मी तेराव्या महिन्यापासून सुरुवात केली. ती चूक होती.

नैरोबी, केनिया

आफ्रिका म्हणजे ऊन, या हिशेबाने मी जुलैमध्ये केवळ सुती सदरे घेऊन गेलो. नैरोबी सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वराच्याही वर, आणि जुलैत तिथे दात वाजतात. जुन्या कपड्यांच्या, म्हणजे मितुंबाच्या बाजारातून मी घाईने एक उबदार जाकीट घेतले आणि आठवडाभर मिरवले. पाठीवर परदेशातल्या कुठल्याशा मुलींच्या शाळेच्या हॉकी संघाचे नाव होते. समोरून ते अत्यंत भारदस्त दिसत होते.

जोहान्सबर्ग, दक्षिण आफ्रिका

पहिल्या दिवशी रस्ता विचारला, तर "रोबोटपाशी डावीकडे वळा" असे उत्तर आले आणि मी यंत्रमानव शोधत दोन चौक पुढे गेलो. रोबोट म्हणजे सिग्नल. मग घरमालक "जस्ट नाऊ येतो" म्हणाले. मी सामानासह पायरीवर बसलो आणि ते पावणेतीन तासांनी आले. तिथे 'जस्ट नाऊ' म्हणजे कधीतरी. 'आलोच' म्हणून अंतर्धान पावणाऱ्यांच्या प्रदेशातून आलेल्या मला खरे तर राग यायला नको होता. त्या रात्री आठ वाजता वीज गेली. घरमालक ओशाळून वर आले आणि हा प्रकार कसा समजावावा या विचारात त्यांनी अगदी सावकाश उच्चार केला, "लोडशेडिंग." मी त्यांना बसायला खुर्ची दिली, बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून मेणबत्ती काढली आणि परत किती वाजता येणार, एवढेच विचारले.