मदत हवी आहे: बायोगॅस प्लांटचं खत पोत्यात भरून विकायला परवाना कुणाच्या नावाने काढायचा?

नमस्कार. मी कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यातली. आमचा बारा बायकांचा स्त्री शक्ती गट आहे. गेल्या गळीत हंगामापासून जवळच्या एका प्लांटातून, गॅस काढून झाल्यावर उरणारं खत आम्ही ट्रॉलीने आणतो. प्लांट प्रेसमड (साखर कारखान्यात रस गाळून उरलेली मळी) आणि शेणावर चालतो. आणताना माल काळपट, चिकट, आंबूस वासाचा असतो. ताडपत्रीवर पाच-सहा दिवस वाळवायचा, ढेकळं फोडायची, वाळूच्या चाळणीने चाळायचा. मग तो हातात चहापत्तीसारखा मोकळा होतो. आधी आमच्याच उसाला टाकला, मग शेजाऱ्यांनी नेला, मग कोगनोळीच्या पलीकडून, महाराष्ट्रातल्या कागलच्या बाजूने विचारणा सुरू झाली.

पंधरा दिवसांपूर्वी पोती ट्रॉलीत चढवत होतो तेव्हा कृषी खात्याचे साहेब आले. म्हणाले, पोत्यावर उत्पादकाचं नाव नाही, घटक नाहीत, परवाना नाही, विक्री थांबवा. बोलले नीट. पण हातात दिलेला कागद कन्नडमध्ये होता, तो जावेच्या मुलीने वाचून दाखवला. तेव्हापासून १४० पोती जावेच्याच गोठ्याच्या कडेला पडून आहेत.

मी जमेल तेवढं वाचलंय. हे खत १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली ‘फर्मेंटेड ऑरगॅनिक मॅन्युअर’ म्हणून येतं. २०२३ मध्ये केंद्राने त्याच्या विक्रीला टनामागे १,५०० रुपये मदत मंजूर केली. गॅसचं तर २०१८ पासून ‘सतत’ योजनेत तेल कंपन्या घेणार असं ठरलंय, आणि २०२५-२६ पासून शहर गॅस कंपन्यांना एक टक्का बायोगॅस मिसळणं बंधनकारक आहे, २०२८-२९ ला ते पाच टक्के होणार. एक टन गॅसला साधारण २५ टन प्रेसमड लागतो. गॅस वाढला की खताचे ढीग वाढणारच. गॅसचं गिऱ्हाईक सरकारने नेमून दिलं, ढिगाचं मात्र कुणीच बघत नाही, असं मला मनापासून वाटतं. आम्ही बायका तेच काम करत होतो.

परवाना प्लांटने काढायचा की गटाने? ते १,५०० रुपये कुणाला मिळतात? आणि कागलात विकायचं तर काय? कुणी हे केलं असेल तर सांगा. रयत संपर्क केंद्रात (इथलं कृषी खात्याचं स्थानिक ऑफिस) विचारलं, त्यांनी तालुक्याला जा म्हणून सांगितलं.

गडहिंग्लज खतवाला:
ताई, माझं खताचं दुकान आहे, म्हणून माहिती असलेलं सांगतो. उत्पादक प्लांट आहे, त्यामुळे उत्पादनाचं प्रमाणपत्र त्यांचं. तुमचा गट विक्रेता. प्लांटने तुम्हाला उगम प्रमाणपत्र, म्हणजे माल आमच्याकडचा आहे असा दाखला, द्यायचा, आम्ही त्याला ओ फॉर्म म्हणतो. तो जोडून ए-१ अर्ज (खतविक्रीच्या नोंदीचा) तालुक्याच्या सहायक कृषी संचालकांच्या ऑफिसात द्या. पोत्यावर नाव, घटक, वजन प्लांटचंच छापलेलं पाहिजे. कर्नाटकातली नोंद कर्नाटकापुरती. कागलात दुकान मांडायचं तर महाराष्ट्राच्या कृषी खात्याकडे वेगळी नोंद लागते.
१,५०० ची मदत गोबरधन पोर्टलवर (बायोगॅस प्लांटच्या नोंदीची सरकारी वेबसाइट) नोंद असलेल्या प्लांटच्या मालावर मिळते. गटाच्या खात्यावर ती येत नाही, तेव्हा प्लांटशी दर ठरवतानाच त्यातला वाटा मागून घ्या, तोही लेखी.

लॅबवाला:
वरच्या दादांचं बरोबर आहे. एक भर घालतो. तुम्ही वाळवून चाळता, म्हणजे ओलावा बदलतो, आणि ओलावा हा तपासणीतला घटक आहे. प्लांटचा रिपोर्ट ओल्या मालाचा असेल तर तुमच्या पोत्यातला नमुना त्याच्याशी जुळणार नाही. नमुना वाळवलेल्या मालाचाच काढा, आणि वाळवण-भरणी प्लांटच्या वतीने, त्यांच्या करारावर होते असं कागदावर येऊ द्या. गोठ्यातली पोती पावसापासून जपा, भिजली की पुन्हा आंबतील.

मूळ लेखिका:
दोघांचेही आभार. ओलाव्याचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, पाच-सहा दिवस ऊन दाखवतो यातच आम्ही खूश होतो. सोमवारी प्लांटच्या मॅनेजरांना भेटायला आम्ही चौघी जाणार आहोत. करार मराठीतही मागणार आहे, सह्या आमच्या असणार तर वाचायला आम्हाला यायला हवा.
एक राहिलंच. कागलचा शेतकरी स्वतःची ट्रॉली घेऊन निपाणीत आला, आमच्याकडून पावती घेऊन स्वतःच्या रानासाठी दहा पोती घेऊन गेला, तर ती विक्री कुठल्या राज्यातली धरतात? खतवाले दादा, तुमच्याकडे पलीकडून असं गिऱ्हाईक येतं का?