वाकडं ते अन्यायाचं

पोर्तुगीजमध्ये अन्यायाला 'इंजुश्तिसा' म्हणतात. त्याची फोड अशी करतात: लॅटिन 'इयुस' म्हणजे हक्क, कायदा, आणि त्याच्याआधी नकाराचा 'इन्'. ती बरोबरच आहे. पण मला जास्त मजा वाटते ती जुन्या 'तोर्तो' शब्दाची.

लॅटिन 'तोर्क्वेरे' म्हणजे पिळणं. त्यावरून 'तोर्तुस', पिळलेलं, वाकडं. मध्ययुगीन पोर्तुगीजमध्ये 'तोर्तो'चा सरळ अर्थ अन्याय असा होता. सर्वांत जुन्या पोर्तुगीज लेखांपैकी एक, साधारण 1214 चा, 'नोतिसिया द तोर्तो' (अन्यायाची नोंद) याच नावाने ओळखला जातो. लोरेन्सो फेर्नांदिश नावाच्या माणसाने आपल्यावर कोणी काय काय जुलूम केले त्याची जंत्रीच त्यात दिली आहे. म्हणजे भाषेने कागदावर (चर्मपत्रावर म्हणा) पाऊल टाकलं तेच तक्रार घेऊन!

उलट 'दिरेइतो' म्हणजे सरळ, आणि कायदाही. 'देव वाकड्या ओळींतून सरळ लिहितो' या पोर्तुगीज म्हणीत दोघे शेजारी बसलेत. आज 'तोर्तो' म्हणजे नुसतं वाकडं, भिंतीवरच्या तिरक्या तसबिरीसारखं. अन्यायाचा अर्थ 'इंजुश्तिसा'कडे गेला. इंग्रजी कायद्यातला 'टॉर्ट' (ज्याची भरपाई मागता येते असं गैरकृत्य) मात्र फ्रेंचमार्गे त्याच लॅटिन मुळातून आलेला, आणि त्याने जुना अर्थ सोडलेला नाही.

आपल्याकडेही वाकड्यात शिरणारा आणि सरळमार्गी असतातच की.